जातं फिरलं तेव्हा ओवी आली

आमच्या सामुदायिक रेडिओसाठी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. आजींना स्टुडिओत बसवलं, माईक समोर ठेवला. दोन ओव्यांनंतर त्या अडल्या. "बाळा, हात हलल्याबिगर आठवत न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी गेलो. रिकामं जातं ओढलं तर दगडावर दगड घासतो, म्हणून मूठमूठ ज्वारी टाकत राहिलो. ओव्या सुरू झाल्या, पण ऐकल्यावर नुसती घरघर! माईकचा स्टँड जमिनीवर होता, हादरा थेट त्यातच जात होता. स्टँडखाली घडी घातलेली घोंगडी ठेवली, माईक तोंडापासून वीतभर, जात्याकडे पाठ करून लावला. लो-कट, म्हणजे खालची घरघर गाळणारं बटण, चालू केलं. पदराला लावायचा छोटा माईक मात्र टाळा, नऊवारीची सळसळ काही केल्या निघत नाही.

प्रश्नही बदलले. "ओवी म्हणजे काय?" असं विचारलं की माणूस गप्प होतो. "भावावरची म्हणा की" म्हटल्यावर आजींनी ओळीनं सात म्हटल्या. आठवीला आवाज भरून आला, हात थांबला. मी रेकॉर्डर चालूच ठेवला. ती शांतताही आम्ही कापली नाही.

समाजअभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गावोगावच्या अशाच बायांकडून.