चिऱ्याच्या घरासाठी मेश वाय-फाय कसे पारखावे

मेश वाय-फायचा संच घेताना खोक्यावरचा वेगाचा आकडा सगळे पाहतात आणि घराच्या भिंती पाहायच्या राहून जातात. शहरातल्या फ्लॅटमध्ये, जिथे खोल्यांमधली भिंत चार-सहा इंचांची असते, तिथे हे एक वेळ खपून जाते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जांभ्याच्या, म्हणजेच चिऱ्याच्या घरांत मात्र ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत कितीही जाड असू शकते आणि अशा घरात संचातले नोड, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवायची वाय-फायची छोटी यंत्रे, एकमेकांशी कितपत बोलू शकतात, यावरच सगळे अवलंबून असते. म्हणून संच विकत घेण्याआधीच, आपल्याच घरात, पारख सुरू करावी.

मेश संचात एक मुख्य नोड फायबरच्या ओएनटीला (बाहेरून आलेली फायबर घरात जिथे संपते त्या डब्याला) जोडलेला असतो आणि बाकीचे नोड त्याच्याकडून इंटरनेट घेऊन पुढच्या खोल्यांना पुरवतात. नोडांमधल्या या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो बिनतारी असेल तर त्यालाही तीच भिंत ओलांडावी लागते जी तुमच्या फोनला ओलांडता येत नाही, आणि स्वयंपाकघरातला नोड फोनवर पूर्ण दांड्या दाखवत असूनही व्हिडिओ अडखळतो तो याचमुळे. फोनवरच्या दांड्या फोन आणि जवळचा नोड यांच्यामधल्याच सिग्नलची ताकद सांगतात. त्या नोडापर्यंत इंटरनेट किती पोहोचले आहे, हे त्या सांगत नाहीत.

सध्याच्या राउटरवरच पहिली मोजणी करावी. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचे एखादे मोफत अ‍ॅप घ्यावे. त्यात सिग्नलची ताकद उणे डीबीएम या मापात दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ७५ च्या पुढे रडगाणे सुरू होते आणि उणे ८० च्या खाली काही धरून चालू नये. राउटर असलेल्या खोलीत, भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून आकडा टिपावा, मग दार लोटून त्याच भिंतीच्या पलीकडे तितक्याच अंतरावर पुन्हा टिपावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ती भिंत किती खाते त्याचा ढोबळ अंदाज. दर तीन डेसिबलला सिग्नलची ताकद निम्मी होते, म्हणजे बारा डेसिबल खाणारी भिंत सोळा भागांतला एकच भाग पलीकडे जाऊ देते. ही मोजणी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या दोन्ही लहरींच्या पट्ट्यांवर वेगवेगळी करावी, कारण ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी भिंतीपुढे लवकर हार मानतो.

मे महिन्यात केलेली मोजणी जुलैत टिकत नाही, हे इथे विसरता येणार नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे. गिलावा नसलेली पावसाळी बाजूची भिंत महिनाभर पाणी पीत राहते, आणि ओल्या भिंतीतून सिग्नल कोरड्या भिंतीपेक्षा अधिक क्षीण होऊन बाहेर पडतो. म्हणून उन्हाळ्यात एखाद्या जागी उणे ७० मिळत असेल, तर तिथे नोड ठेवण्याचा बेत करू नये. किमान पाच-सात डेसिबलची शिल्लक हाताशी ठेवावी. पावसाळ्यात पडवीला उभे केलेले पत्रे, लोखंडी कपाट आणि फ्रीज हेही हिशेबात धरावेत, कारण धातू सिग्नल परतवून लावतो.

एवढे मोजल्यावर कदाचित मेशची गरजच नाही, असे लक्षात येईल. केबलवाला ओएनटी पडवीच्या कोपऱ्यात ठोकून जातो, कारण वायर तिथे येते. तो फायबर माजघरापर्यंत आत ओढून देण्यास सांगितले, तर तीन-चार खोल्यांच्या घराचे काम बऱ्याचदा एकाच राउटरवर भागते. जुन्या कौलारू घरांत आणखी एक सोय असते. आतल्या भिंती पुष्कळदा छपरापर्यंत गेलेल्याच नसतात, त्या माळ्याच्या उंचीवर थांबतात. राउटर भिंतीच्या माथ्याजवळ ठेवला, तर सिग्नल भिंतीतून जाण्याऐवजी भिंतीवरून पलीकडे उतरतो. मात्र कौलाखालची उन्हाळ्यातली उष्णता, गळती आणि पाली यांचा विचार करून जागा निवडावी.

मेश हवेच असे ठरले, तर सर्वांत आधी तारेचा विचार करावा. कॅट-६ या नेटवर्कच्या केबलने दोन नोड जोडता येत असतील, तर भिंतीचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि मग साधा, स्वस्त संचही महागड्या संचाच्या तोंडात मारतो. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक केबल नेणे हे पंधरा हजारांचा संच वीस हजारांचा करण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे आहे. केबल अस्सल तांब्याची असावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल खाऱ्या हवेत टोकाशी लवकर खराब होते. तारेच्या जोडणीसाठी नोडांची लॅन पोर्ट (केबल खोचायच्या खाचा) गिगाबिटची, म्हणजे हजार एमबीपीएसची आहेत का, हे मात्र नक्की पाहावे. एकाच कंपनीच्या स्वस्त संचांत हा फरक लपलेला असतो: टीपी-लिंकच्या डेको ई४ मध्ये पोर्ट १०० एमबीपीएसचीच आहेत, तर डेको एम४ मध्ये गिगाबिटची. बाहेरून दोघांचे काम सारखेच वाटते. पण दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेणाऱ्याला ई४ मधून शंभराच्या आतच समाधान मानावे लागते.

तार शक्यच नसेल, तर ट्राय-बँड संचाचा विचार करावा. ड्युअल-बँड संचात एकच ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ फोनशीही बोलतो आणि दुसऱ्या नोडशीही, त्यामुळे एका टप्प्यात वेग साधारण निम्मा होतो. ट्राय-बँडमध्ये नोडांच्या संभाषणासाठी वेगळा रेडिओ राखून ठेवता येतो. पण इथेही आपला प्लॅन पाहावा. घरी पन्नास किंवा शंभर एमबीपीएस येत असतील, तर निम्मा झालेला वेगही पुरून उरतो, अर्थात नोडांमध्ये दणकट सिग्नल असेल तर. एएक्स ३००० सारख्या नावात दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते, साधारण ५७४ अधिक २४०२. तो आकडा कोणत्याही एका फोनला कधीच मिळत नाही. वाय-फाय ६ घ्यावे, कारण त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना सामावून घेण्याची सोय आहे आणि गणपतीत चाकरमानी घरी आले की तिची खरी गरज पडते. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणाऱ्या संचासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला चिऱ्याच्या घरात उधळपट्टीच वाटते. जो पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर भिंतीत अडकतो, तो एका खोलीपुरता कशाला हवा?

आखाती देशांत असलेले नातेवाईक सुट्टीत येताना संच घेऊन येतात, हा रत्नागिरीकडचा नेहमीचा प्रकार. अशा संचाची वॉरंटी इथे चालेल का, त्याचे चॅनल त्या देशाच्या नियमांनुसार बांधलेले आहेत का, आणि तीन चौकोनी पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये कसा बसणार, हे आधीच विचारून घ्यावे.

संच घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी काही चाचण्या कराव्यात. मुख्य नोडाच्या खोलीत उभे राहून वेग मोजावा, मग दुसऱ्या नोडापासून दोन पावलांवर. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही बराच खाली आला, तर बॅकहॉल अशक्त आहे. नोड मागच्या, अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता अर्ध्या वाटेवर, जिथे मुख्य नोडाचा सिग्नल अजून सशक्त आहे, तिथे आणून पुन्हा मोजावे. त्यानंतर ओटीवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावून सावकाश माजघर, स्वयंपाकघर करत परसदारापर्यंत चालत जावे. आवाज क्षणभर तुटला तर हरकत नाही, कॉलच पडला तर फोन जुन्या नोडाला चिकटून बसतो आहे असे समजावे. ही चाचणी महत्त्वाची, कारण मोबाईलची रेंज नसलेल्या वाड्यांमध्ये घरचे बोलणे वाय-फाय कॉलिंगवरच चालते. ८०२.११ के, व्ही आणि आर हे नोडबदल सुलभ करणारे मानक संचात आहेत का ते पाहावे, आणि एखादा जुना फोन बिथरला तर फास्ट रोमिंग (हाच झटपट नोडबदल) बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का तेही.

ओएनटी स्वतःच राउटरचे काम करत असेल आणि मेशही राउटर म्हणूनच लावला, तर घरात दोन राउटर एकामागे एक उभे राहतात. मग मुंबईत बसून गावच्या घराचा सीसीटीव्ही पाहताना अडचणी येऊ शकतात. मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावावा, म्हणजे तो राउटरचे काम सोडून फक्त वाय-फाय पुरवतो; किंवा ओएनटी ब्रिज मोडमध्ये करून द्यायला केबलवाल्याला सांगावे, म्हणजे राउटरचे काम मेशकडे जाते, आणि त्यासाठी पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचे) युजरनेम-पासवर्ड लिहून घ्यावे. दोन्हींपैकी काहीही केले तरी ओएनटीचा स्वतःचा वाय-फाय बंद करायला विसरू नये. कॅमेरे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे नाव देता येणारा संच बरा.

घरी आई-वडील एकटे असतील, तर शेवटची चाचणी सर्वांत जपून करावी: मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करावा आणि कशालाही हात लावू नये. ओएनटीला जागे व्हायला वेळ लागतो. तोवर वाट पाहून मेश आपोआप पूर्ववत होतो का, की कुणाला तरी बटण दाबावे लागते? पावसात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात जो संच आपोआप उठत नाही, तो सरळ परत करावा. अ‍ॅपमधून मुंबईहून रीस्टार्ट करता येणे ही नुसती चैन नव्हे. प्रत्येक नोडासाठी छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर नोड चालू ठेवणारी बॅटरी) घ्यायचा असेल, तर अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर आधी वाचावेत; ९ किंवा १२ व्होल्टचा गोल पिनचा अडॅप्टर असेल तर यूपीएस सहज मिळतो, टाइप-सी असेल तर यूपीएस आणि नोड यांचे हे आकडे जुळतात का ते पाहावे.

वाडीच्या टोकाला असलेल्या पर्यटकांच्या खोलीपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. मेमधल्या आणि परतीच्या पावसाच्या विजांमध्ये अशा केबलवाटे दोन्ही टोकांचे नोड एकदमच जातात. तिथे फायबर आणि तिच्या दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारे डबे) लावावेत; काचेच्या तंतूवाटे विजेचा धक्का येत नाही, आणि सुपारीच्या झाडांच्या ओल्या पानांमधून सिग्नल ढकलण्याची कसरतही वाचते.