वर्ष-दोन वर्षं उभी असलेली कॅरॅव्हॅन घेऊन निघताय? आधी या चुका टाळा

कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घर, त्याला आम्ही ट्रेलरही म्हणतो. दिवाळी झाली की ती असलेल्यांचे मला फोन सुरू होतात. "काका, उद्या पहाटे गोकर्णला निघालोय, कॅरॅव्हॅन दोन वर्षं शेडात आहे, पटकन काय काय बघू सांगा की." पटकन काही नसतंय बाबांनो. उद्याच निघायचं असेल तर लॉजवर उतरा आणि कॅरॅव्हॅन आहे तिथं राहू दे. खरंच घेऊन जायची असेल तर आठ दिवस आधी ताडपत्री काढायची, निघायच्या आदल्या संध्याकाळी नाही.

"चाललीच नाही तर खराब काय होणार?" हा प्रश्न तर मी इतक्या वेळा ऐकलाय! चालली नाही म्हणूनच खराब होते. त्यात आपल्या बेळगावकडचा पाऊस, जांबोटी-कणकुंबी बाजूला तर चार महिने भिंतीलासुद्धा घाम फुटतो, मग शेडातल्या लोखंडाचं काय होत असेल बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाकात हवा भरायची, गाडी धुवायची, लाईट लागतात का बघायचं आणि निघायचं. चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्या रोलरवर फिरतं तो भाग, कुणी उघडतच नाही. मीही उघडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं चोर्ला घाटातून गोव्याला निघालो, ट्रेलर १४ महिने उभा होता. जांबोटी सोडल्यावर जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल म्हणून तसाच पुढं गेलो. मग मेहुण्यानं मागं बघून थांबवलं. डाव्या चाकाच्या हबमधून (चाकाचा मधला भाग, बेअरिंग याच्यातच असतं) काळं ग्रीस वितळून रिमवर ओघळलं होतं, वरती बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्रर्र करून उडालं. जॅक लावून चाक हलवलं तर अर्धा इंच तरी डुलत होतं. जांबोटीहून मिस्त्री आला, त्यानं हब उघडून बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं, रोलर निळे पडलेले आणि रेसवर, म्हणजे रोलर फिरतात त्या कड्यावर, ओळीनं गंजाचे खड्डे. "साहेब, अजून थोडं गेला असता तर चाक घाटात पुढं पळालं असतं," एवढंच तो म्हणाला. मागच्या सीटवर माझ्या दोन भाच्या होत्या. ते वाक्य मला अजून रात्रीचं आठवतं. भावानं बेळगावातून मोटारसायकलवर नवं बेअरिंग आणून दिलं तोवर अंधार पडला होता, आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

होतं काय, की उभ्या ट्रेलरचं सगळं वजन महिनोन्महिने त्याच दोन-चार रोलरवर असतं, तिथलं ग्रीस दाबून बाजूला जातं आणि पावसाळ्यातली ओल तिथं शिरते. गंज धरतो, खड्डा पडतो. मग गाडी पळायला लागली की प्रत्येक रोलर त्या खड्ड्यावर आपटतो, तापतो, उरलेलं ग्रीसही पातळ होऊन जातं.

म्हणून माझी पद्धत अशी. दुसऱ्या चाकाला पुढंमागं दगड, ॲक्सलखाली लाकडी ठोकळा, नुसत्या जॅकवर भरवसा नाही. चाक हातानं फिरवून कान लावायचा, घरघर आली तर बेअरिंग बदलायचं, बाकी चर्चा नाही. आवाज नसला तरी हब उघडायचाच. स्प्लिट पिन (नट सैल होऊ नये म्हणून घातलेली) काढून बेअरिंग बाहेर, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवून पूर्ण कोरडं करायचं, मग तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत. ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं) नवीन आणि स्प्लिट पिनही नवीन. नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग सैल करून परत बोटानं बसेल एवढाच ठेवायचा. काहीजण जुन्या ग्रीसवरच नवीन थापतात, त्यांना मी स्पष्ट सांगतो की असं करणार असाल तर मला विचारूच नका.

टायर. "नक्षी अजून नवीनसारखी आहे" हे मला सांगू नका, ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त जातात. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की मी बदलतो, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच. स्टेपनीचाही आकडा वाचा, ती कुणीच बघत नाही.

बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली महिनोन्महिने पडून असेल तर चार्ज करून परत दोन दिवस नुसती ठेवा, परत पडली तर गेली.

मागचे लाईट विचित्र लागत असतील, इंडिकेटर दिला की ब्रेकलाईटही मिणमिणत असेल, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा, म्हणजे वायर ट्रेलरच्या लोखंडाला जिथं जोडलेली असते ती जागा. बहुतेक वेळा एकच गंजलेला स्क्रू असतो.

छताच्या फटी बुजवताना जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन चिकटत नाही. खरवडा, मग लावा.

पाण्याच्या टाकीत १०० लिटरला साधारण १०० मिली साधं ब्लीच टाकून नळ सोडून पाइपात येऊ द्या, रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत धुवा. पोरं त्याच पाण्यानं दात घासतात.

गॅसच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मागच्या वर्षी एका ओळखीच्याची शेगडी पिवळी पेटत होती, भांडी काळी होत होती आणि तो म्हणत होता सिलेंडर खराब आला. बर्नरची नळी काढून उजेडात धरली तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, बोटाच्या पेराएवढं, आत वाळलेल्या अळ्यासुद्धा होत्या! हवा आत जायला जागाच नव्हती. नळी काढून बघा, रबरी पाइपवरची तारीख वाचा, मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. काडी पेटवून बघणारे लोक अजून आहेत, हात जोडून सांगतो, तसं करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साठतो, वास नाकापर्यंत यायला उशीर होतो. तो बाहेर जावा म्हणून खाली जी जाळी ठेवलेली असते ती उंदीर येतात म्हणून बुजवू नका, उंदरांसाठी बारीक तारेची जाळी मिळते.

सामान भरताना जड वस्तू मागं टाकायच्या नाहीत. १००० किलोच्या ट्रेलरचं १०० ते १५० किलो वजन गाडीच्या मागच्या हुकावर हवं, नाहीतर हायवेवर शेपूट हलायला लागतं आणि ते ब्रेक मारून थांबत नाही. वजनकाट्यावर एकदा सुट्टा ट्रेलर आणि एकदा गाडीला जोडून फक्त त्याची चाकं मोजा, फरक म्हणजे हुकावरचं वजन. आणि गळीत हंगामात चिकोडी-निपाणी बाजूला रात्री ट्रेलर चालवू नका, उसाच्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाईट नसतात.

हे सगळं झालं की दोन दिवस आधी पूर्ण सामान भरून बेळगाव ते खानापूर, पंचवीसेक किलोमीटर चालवून बघायचं. थांबलं की हाताची मागची बाजू हबजवळ न्या, आधी डावा मग उजवा. दोन्ही सारखे कोमट असले तर ठीक. एक जरी जास्त तापला असेल तर तिथूनच हळूहळू माघारी. चाकाचे नट तिथं एकदा आवळा आणि ट्रिपला निघाल्यावर शंभरेक किलोमीटरला परत एकदा. पाना ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, मागं गाद्यांखाली नको.