फिरत्या घरांच्या प्रवाशांचा ऑनलाइन गट चालवताना या चुका टाळा

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांची चर्चा पुण्या-मुंबईपुरती राहिली नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्येही अशा गाड्या बाळगणारी किंवा ट्रॅव्हलर, पिकअप यांच्यात तशी सोय करून घेणारी मंडळी आहेत आणि ती व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर एकमेकांशी जोडलेली आहेत. रात्रीचा मुक्काम कुठे करावा असे विचारणाऱ्या कुटुंबाला निर्धास्तपणे विसंबता येईल असे उत्तर मिळवून देणे, हे अशा गटाचे पहिले काम आहे. पुढील चुका नेमक्या याच कामाच्या आड येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तारीख आणि गाडीचा प्रकार न सांगता दिलेली माहिती खपवून घेणे. ‘तापीकाठी जागा छान आहे, गाडी थेट आत जाते’ हा संदेश मार्च महिन्यात खरा असतो. जुलैमध्ये त्याच वाक्यावर विश्वास ठेवून कोणी साडेतीन टनांची गाडी काळ्या मातीत उतरवली, तर ती चिकण माती चाकांना धरून ठेवते आणि ट्रॅक्टर आल्याशिवाय सुटका होत नाही. केळीच्या बागांमधील रस्ते तर पावसाविनाही फसवतात, कारण आदल्या रात्री पाणी भरलेले असले तरी वरचा थर सकाळी कोरडा दिसतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, त्या दिवसांत एरवी मोकळ्या असणाऱ्या जागा मिळत नाहीत. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट हे याहून बोलके उदाहरण आहे: 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे जड वाहनांना बंदी झाली, त्यामुळे त्याआधीची माहिती बसच्या सांगाड्यावर कॅरव्हॅन बांधलेल्या माणसासाठी केवळ जुनी नव्हे, तर चुकीची ठरते. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक नोंदीत भेटीची तारीख, गाडीची लांबी व उंची, शेवटच्या किलोमीटरचा रस्ता, पाणी कुठे मिळाले आणि जागेच्या मालकाची परवानगी कोणी, कशी घेतली, एवढे असलेच पाहिजे असा नियम ठेवावा आणि तो पाळला जातो की नाही याकडे गटचालकांनी सतत लक्ष द्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण माझ्या मते गटाची पत यानेच टिकते. वर्षभर कोणी दुजोरा न दिलेली नोंद यादीतून काढून बाजूला ठेवावी.

हीच माहिती शुभसकाळच्या चित्रांखाली गाडली जाऊ नये, यासाठी सर्व चर्चा एकाच गटात ठेवण्याचा मोह टाळावा. व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून कम्युनिटीची, म्हणजे अनेक गट एकाखाली जोडण्याची सोय आहे आणि टेलिग्राममध्ये विषयवार भाग करता येतात. मुक्काम, दुरुस्ती आणि मोकळ्या गप्पा असे तीन भाग पुरेसे होतात. त्याहून अधिक केले की कोणत्या भागात काय लिहावे हेच लोक विसरतात.

तांत्रिक सल्ल्याच्या बाबतीत मात्र गटचालकांनी भिडस्तपणा अजिबात दाखवू नये. स्वयंपाकाच्या गॅसची गळती झाली, तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीच्या तळाशी साचतो. तेव्हा ‘वरची खिडकी उघडी ठेवतो, काही होत नाही’ असे कोणी लिहिले, तर ते मत म्हणून सोडून न देता तिथेच दुरुस्त केले पाहिजे, आणि जमिनीलगत वायुविजनाची जागा हवी व गळती सांगणारे यंत्रही खालीच बसवावे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. विजेचेही तसेच आहे. 1000 वॅटची शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालवली, तर बॅटरीकडच्या तारेतून 80 अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. घरच्या वायरिंगमधून उरलेली तार तेथे जोडणाऱ्याला तारेची जाडी आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचे महत्त्व पटवून देणारा एक जाणकार गटात असणे, हे शंभर सुंदर छायाचित्रांपेक्षा मोलाचे आहे. भुसावळ-जळगावकडच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि बंद गाडीत बॅटरीच्या कप्प्यातील उष्णता त्याहूनही वाढते. थंड प्रदेशातील व्हिडिओ पाहून दिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू होत नाही, ही गोष्ट नव्या सदस्यांना आवर्जून सांगावी लागते.

कायद्याबद्दलही हेच म्हणावेसे वाटते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. ‘आरटीओ काही म्हणत नाही’ हे उत्तर अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. त्यामुळे अशी उत्तरे गटात टिकू देऊ नयेत.

मदतीची हाक वाया जाणे, ही आणखी एक चूक. ‘गाडी रुतनी भाऊ’ एवढेच लिहून सदस्य गप्प होतो आणि पुढची वीस उत्तरे ‘कुठे?’ एवढेच विचारतात. तोवर शहाद्याहून तोरणमाळला चढणाऱ्या घाटात त्याच्या फोनची रेंज गेलेली असते. पिन केलेल्या संदेशात ठरावीक क्रम द्यावा: लोकेशन, काय बिघडले, गाडीत किती माणसे आहेत, कोणी आजारी आहे का, आणि पर्यायी फोन नंबर. कोणी अहिराणीत लिहिले तरी चालेल, पण हा क्रम सुटू नये. हाक आल्यावर एका सदस्याने ‘मी पाहतो’ असे म्हणून शेवटपर्यंत जबाबदारी घ्यावी, कारण सगळ्यांनी काळजी व्यक्त केली तरी त्यातून कोणी निघतोच असे नाही. जखमी माणूस किंवा आग असेल, तर गटाआधी 112 वर फोन करावा, हेही त्याच संदेशात ठळकपणे असावे.

जागा जाहीर करताना तेथे राहणाऱ्यांचा विचार न करणे ही चूक सौम्य भासते, परंतु तिचे परिणाम दीर्घकाळ राहतात. सातपुड्यातील भिल्ल, पावरा पाड्यांजवळ एका कुटुंबाला प्रेमाने मिळालेली जागा शेकडो सदस्यांसमोर लोकेशनसह टाकली, तर पुढच्या सुट्टीत तेथे गर्दी, कचरा आणि मैल्याची टाकी ओढ्याकाठी रिकामी करणारे लोक पोहोचतात. अशा जागा केवळ विचारणाऱ्याला आणि घरमालकाच्या संमतीने कळवाव्यात. यावल किंवा अनेर अभयारण्यात मुक्काम वा शेकोटी परवानगीशिवाय करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 तेथे लागू आहे, त्यामुळे त्या ठिकाणचे ‘गुप्त’ मुक्काम गटात झळकूच देऊ नयेत.

शेवटी गटचालकांविषयी. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर आपल्यावर खटला होईल, या भीतीने काही गटचालक चर्चाच बंद करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असे म्हटले आहे की समान हेतू नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ गटचालक असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही एकट्याने सर्व भार वाहू नये. तिन्ही जिल्ह्यांतून एकेक आणि महामार्गावर नेहमी ये-जा करणारा एक, असे चौघे नेमावेत आणि दर सहा महिन्यांनी एकाने बाजूला व्हावे, म्हणजे गट कोणाची खासगी मालमत्ता होत नाही.

गटाचे सदस्य प्रत्यक्ष भेटलेच नाहीत, तर मात्र कोणतेही नियम फार काळ टिकत नाहीत. अमेरिकेत 1963 च्या जुलैमध्ये सूर्यग्रहण पाहण्यासाठी मेन राज्यात 26 कुटुंबे आपापल्या गाड्या घेऊन जमली आणि त्यातून फॅमिली मोटर कोच असोसिएशन ही अशा गाड्यांच्या मालकांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे हिवाळ्यातील भरताची पार्टी हे निमित्त आयते आहे. एखाद्या सदस्याच्या मळ्यात वांगी भाजली जात असताना दुसऱ्याच्या गाडीचा फ्यूज, गॅसची नळी आणि टायरचा हवेचा दाब तपासून घ्यावा, जुन्या नोंदी एकत्र बसून तपासाव्यात आणि पुढच्या सहा महिन्यांचे गटचालक त्याच ठिकाणी ठरवावेत.