फौजेतून निवृत्तीनंतर नोकरी शोधताना
डिस्चार्ज बुक (फौजेतील सेवा संपल्याची नोंदपुस्तिका) हाती येताच आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे, कारण माजी सैनिकाचे ओळखपत्र तिथूनच मिळते. महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात, तर केंद्राच्या गट क पदांत १० टक्के.

खासगी कंपनीसाठी मात्र बायोडाटा नव्याने लिहावा. ‘क्यूएम स्टोअरमध्ये (म्हणजे क्वार्टरमास्टरच्या, पलटणीच्या सामानाच्या कोठारात) हवालदार’ एवढ्याने मुलाखत घेणाऱ्याला, तो कितीही आदराने बोलला तरी, काही कळत नाही; म्हणून साठ्याच्या नोंदी, वार्षिक मोजणी, हाताखालची माणसे असे एकेक काम उलगडून मांडावे.

सुरक्षारक्षकाची नोकरी लवकर मिळते. पण पगार, भविष्य निर्वाह निधी आणि ड्युटीचे तास लेखी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.