शुगर ऐकत नाहीये? मग कॉर्टिसॉलची बाजूही तपासा

रील्सवर सध्या एक नवीन टूम आहे, शुगर कंट्रोलमध्ये येत नाही म्हणजे तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्यात, मग ही पावडर घ्या, ते ड्रॉप्स घ्या, लाळेची टेस्ट करा, सगळ्याचं मिळून एक महागडं पॅकेज. आधी तेच निकालात काढू. ‘ॲड्रिनल फटीग’ नावाचा आजार हार्मोनचे डॉक्टर मानत नाहीत, २०१६ साली ब्राझीलच्या दोन डॉक्टरांनी त्यावरचे ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असतो याला काही आधार त्यांना मिळाला नाही. पण ॲड्रिनलचा आणि शुगरचा संबंध मात्र खराच आहे, आणि आपल्याकडे तर तो बऱ्याच घरात औषधाच्या डब्यातच सापडतो. मी डॉक्टर नाही हां, लॅबमध्ये सॅम्पल घेते, पण रिपोर्ट हातात पडला की लोक पहिले आम्हालाच विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्यातून कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन ही हार्मोन्स येतात. ॲड्रिनलिनचं काम झटपट, घाबरलात की लिव्हरमधली साठवलेली साखर लगेच रक्तात. कॉर्टिसॉल सावकाश काम करतं, लिव्हरला नवीन साखर बनवायला लावतं आणि स्नायूंवर इन्सुलिनचा असर कमी करतं. ते पहाटे वाढायला लागतं, सकाळी साधारण ६ ते ८ ला सगळ्यात जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी. ताप, दुखणं, ऑपरेशन, जागरण, यातही वाढतं, म्हणून साध्या तापातसुद्धा शुगर चढते.

आता पहिलं काम, शुगर लिहायला एक वही काढा. नुसत्या उपाशीपोटीच्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. तीन-चार दिवस उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना अशी शुगर बघा, आणि एकदा अलार्म लावून पहाटे ३ ला पण. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा, हापूस कापून तसंच टोचलं तर मशीन आंब्याची साखर मोजतं आणि घरात रडारड होते. पहाटे ३ ला बरी आणि सकाळी वाढलेली असेल तर ते बहुतेक पहाटेचे हार्मोन्स, त्यात कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन दोन्ही आले. ‘रात्री काही खाल्लंच नाही तरी सकाळी १६० कशी’ याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं आणि हा ॲड्रिनलचा बिघाड नाही, डायबेटिस नसलेल्यांचे हार्मोन्सपण पहाटे वाढतातच, फक्त त्यांचं इन्सुलिन सांभाळून घेतं. पण पहाटे ३ ला ७० च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रात्रीचा डोस जास्त होतोय का ते डॉक्टरांना विचारायचं. सकाळचा आकडा बघून स्वतःच्या मनाने रात्रीचं इन्सुलिन वाढवायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं काम म्हणजे औषधांचा डबा उलटा करा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, यातलं एक जरी नाव पाकिटावर दिसलं तरी ते स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचाच जोरदार भाऊ. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रॉल, बेटनेसॉल ही ओळखीची ब्रँड नावं. दमा, संधिवात, त्वचेचे आजार यात ही औषधं लागतातच, वाईट नाहीत, पण शुगर वाढवतात. आणि इथे गंमत अशी की सकाळी नाश्त्यानंतर घेतलेली प्रेडनिसोलोन दुपारनंतर शुगर चढवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती परत खाली येते, त्यामुळे उपाशीपोटी ११० आणि संध्याकाळी २८० असं होऊ शकतं, आणि माणूस फक्त सकाळचीच चेक करून ‘माझी एकदम नॉर्मल आहे’ म्हणत फिरतो. म्हणून स्टिरॉइड चालू असताना दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची शुगर महत्त्वाची. एचबीए१सीवर पण विसंबू नका, ती दोन-तीन महिन्यांची सरासरी, आठवड्याभराचा कोर्स त्यात लपून जातो. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शनही काही दिवस शुगर वाढवतं, ते सांगायचं तर लोक हमखास विसरतात. गोरं होण्यासाठी महिनोन् महिने लावलेली क्रीम पण बघा, ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते भरपूर आणि रोज लावलं की त्वचेतून आत जातं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविडच्या पेशंटची शुगर कशी वर गेली आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) कसा आला ते महाराष्ट्राने बघितलंय, त्यात आधीचा डायबेटिस आणि गरजेपेक्षा जास्त स्टिरॉइड या दोन्हींचा मोठा वाटा होता.

आणि मग ती पुडी. पेपरच्या तुकड्यात बांधलेली, नाव नाही, गाव नाही, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. दोन दिवसात गुडघे मोकळे, भूक कडकडून लागते, महिन्याभरात चेहरा भरतो आणि आजूबाजूचे म्हणतात मावशींची तब्येत सुधारली बघा. सुधारली नसते, सुजलेली असते. सगळ्या पुड्यांमध्ये असतं असं नाही म्हणत मी, पण वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसात गायब झालं तर आत स्टिरॉइड कालवलेलं असायची दाट शक्यता असते. अशी पुडी कोणी घेत असेल तर डॉक्टरांकडे जाताना ती पुडीच सोबत न्या, लाजू नका, ओरडा खाल्ला तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक फसतात. ‘अरे बापरे स्टिरॉइड!’ म्हणून आज रात्रीपासून बंद करायचं नाही. बाहेरून स्टिरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त गेलं की स्वतःची ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावते, कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ थांबवते, आणि बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर शरीरात कॉर्टिसॉलच उरत नाही. मग गळून जाणं, उलट्या, पोटात दुखणं, बीपी खाली, शुगर खाली, आणि जीवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, कधी त्याला महिने लागतात. स्टिरॉइडसाठी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन वाढवलेलं असेल तर स्टिरॉइड उतरताना तेही कमी करावं लागतं नाहीतर शुगर धाडकन पडते, तेव्हा त्या दिवसात जास्त वेळा चेक करा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत बघा. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

स्टिरॉइड घेतच नाही, तरी शुगर वेड्यासारखी वागते, असं असेल तर अंगाकडे बघा. कॉर्टिसॉल खरंच जास्त असलं (त्याला कुशिंग म्हणतात) तर पोट आणि चेहरा वाढतो पण हातपाय बारीक होतात, पोटावर रुंद जांभळे पट्टे येतात, जरा लागलं की काळंनिळं पडतं, बीपीही वाढतं, आणि उकिडवं बसलं तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. ही उठायची परीक्षा घरीच होते, पण गुडघ्याच्या दुखण्याने न उठणं वेगळं आणि मांडीत ताकदच नसणं वेगळं. उलट कॉर्टिसॉल कमी (ॲडिसन) असेल तर वजन उतरतं, उठलं की चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळपट होतात. आपल्याकडे याचं एक कारण टीबी आहे. टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाचं इन्सुलिन काही न बदलता अचानक कमी लागायला लागलं आणि शुगर सारखी सारखी पडायला लागली तर ‘कंट्रोल छान झाला’ म्हणून पेढे वाटू नका, ॲडिसनसाठी तपासा. अजून एक दुर्मिळ प्रकार, मधूनच डोकं फुटेल असं दुखणं, घामाने भिजणं, धडधड, बीपी आणि शुगर दोन्ही वर, हे ॲड्रिनलिन बनवणाऱ्या गाठीमुळे होऊ शकतं, त्याची टेस्ट वेगळी असते.

टेस्ट स्वतःच्या मनाने पॅकेजमधून करू नका, एंडोक्रिनॉलॉजिस्टला (म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा, तालुक्याला नसतील तर चांगल्या एमडी मेडिसिनला. कुशिंगची शंका असेल तर साधारण रात्री ११ ला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला कॉर्टिसॉल बघतात, नॉर्मल माणसात ते १.८ (मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर) च्या खाली जातं. कमी असल्याची शंका असेल तर सकाळी ८ चं साधं कॉर्टिसॉल, आणि गरज पडली तर इंजेक्शन देऊन परत. इथे वेळ हाच सगळा खेळ आहे, दुपारी ४ ला येऊन ‘घ्या ना ताई आत्ताच, परत यायला जमणार नाही’ म्हणाल तर मी सॅम्पल घेईन पण तो आकडा कुणाच्याच कामाचा नसेल. येताना गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्याने कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, काही मशीनवर त्याने रिपोर्ट चुकतो. आणि स्टिरॉइडचा शेवटचा डोस कधी घेतला ते फॉर्मवर लिहून द्या, अगदी कालचा कानातला ड्रॉप असला तरी.