देवगिरी बघायचा तर उलट्या डोक्यानं

गडावर जाताना मी एकच युक्ती करते: आपण चढाई करणारा शत्रू आहोत असं समजायचं. देवगिरी, म्हणजे दौलताबाद, तसाच कळतो.

सकाळी दार उघडताच आत शिरा. पहिल्याच दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी सुळे बघा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते. मग वाट मुद्दाम वळते, पुढचा दरवाजा समोर दिसतच नाही. हत्ती हौद, भारतमाता मंदिर करत पुढं जा. मंदिरातले खांब निरखा, जुन्या देवळांचे आहेत.

खरा वेळ खंदकापाशी काढा. इथं डोंगराचा कडाच तासून सरळ केलाय. माझा भाचा फोटो काढून पळत होता, त्याला म्हटलं, थांब, आता वर कसा जाशील ते सांग. पाच मिनिटं गप्प!

पुढं अंधारी, कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी मार्ग. टॉर्च हवाच. वटवाघळांचा वास सहन करा आणि एकदा टॉर्च विझवून उभे राहा.

सनावळी फार पाठ करू नका, तीन पुरेत. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीनं यादवांच्या या राजधानीवर स्वारी केली. 1327 मध्ये तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली. 1687 मध्ये गोवळकोंडा पडला आणि त्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथल्या चिनी महालात कैदेत आला. तो महाल अंधारीच्या आधीच लागतो, घाईत चुकतो.

गडाच्या वरच्या भागातल्या बारादरी या महालापर्यंत पाणी पुरवून प्या. उतरताना गुडघे बोलतात.