गुडघ्यातल्या इंजेक्शनचा पुरावा पाहताना या चुका टाळा

"शेजारच्या काकू इंजेक्शननंतर जिना चढायला लागल्या" एवढ्यावर कृपया निर्णय घेऊ नका. झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं. माणूस डॉक्टरांकडे जातो तो दुखणं असह्य झाल्यावर, आणि तिथून ते बहुतेकदा थोडं उतरतंच. त्यामुळे आधी-नंतरची तुलना ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. तुलना हवी ती नुसत्या सलाइनच्या, म्हणजे औषध नसलेल्या मिठाच्या पाण्याच्या, इंजेक्शनशी, तीही आपल्याला काय टोचलंय हे रुग्णाला ठाऊक नसताना.

ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर पीआरपीची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची, अशीच चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्षभरानंतर शून्य ते दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ ने उतरलं होतं, सलाइनवाल्यांचं १.८ ने. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीजही पीआरपीने रोखली नाही. नुसता २.१ चा आकडा दाखवला तर कोणीही भुलेल, म्हणून दुसऱ्या गटाचं काय झालं हे आवर्जून विचारा.

"फरक सिद्ध झालाय" हे ऐकून थांबू नका, किती फरक तेही बघा. जेलच्या, म्हणजे सांध्यात वंगण म्हणून टोचल्या जाणाऱ्या हायल्युरॉनिक ॲसिडच्या, मोठ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये आला. १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर फायदा सुमारे २ मिलिमीटर. इतकं रुग्णाला जाणवतही नाही. लहान चाचण्यांत मात्र फायदा मोठा दिसतो, आणि जाहिरातीत बहुधा त्याच येतात.

स्टिरॉइडच्या बाबतीत मुदत पाहायची. सुजलेला, ठणकणारा गुडघा त्याने काही आठवडे शांत होतो, हे खरं. पण अमेरिकेत १४० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी ते आणि निम्म्यांना सलाइन देऊन पाहिलं. २०१७ च्या निष्कर्षांत दुखण्यात सलाइनपेक्षा फरक नव्हता, उलट कूर्चा जास्त झिजली होती. २०२० च्या एका चाचणीत तर वर्षअखेर फिजिओथेरपीचा गट स्टिरॉइडच्या गटापेक्षा सरस ठरला.

स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, इंजेक्शनवर लाखभर खर्च करण्याआधी एवढं लक्षात घ्या: २०२३ च्या अमेरिकी चाचणीत वर्षभरानंतर या पेशी स्टिरॉइडपेक्षा वरचढ ठरल्या नाहीत.

मधुमेह असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर तपासत राहा. आणि सांधा बदलायचं ठरत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत घेतलेल्या इंजेक्शनने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.